बेटावर जायचा महिना ठरवताना या चुका टाळा

दरवर्षी साधारण मे महिन्याच्या उत्तरार्धात पेपरात पहिल्या पानावर एक बातमी येते: 'मान्सून अंदमानात दाखल'. आमच्या परभणीत ती वाचून माणसं बियाणं-खताचा हिशोब करायला बसतात. लातूरच्या माझ्या मेव्हण्याने एका वर्षी नेमक्या त्याच आठवड्यात अंदमानची तिकिटं काढली, जूनच्या पहिल्या आठवड्याची. "पाऊस अजून केरळात पण आला नाही भावजी, शाळा उघडायच्या आत जाऊन येतो," असं त्याचं गणित. बातमी त्याने माझ्याआधी वाचली होती. तिच्यातला 'अंदमान' तेवढा त्याच्या नजरेतून सुटला.

सात दिवसांतले चार दिवस हॉटेलच्या खोलीत पत्ते कुटण्यात गेले. हॅवलॉक बेटाची (आताचं स्वराज द्वीप) बोट दोनदा रद्द झाली, तिसऱ्यांदा निघाली तेव्हा वहिनींची अवस्था बघवत नव्हती. एजंटाने मात्र खोटं काही सांगितलं नव्हतं. "ऑफ सीझन आहे, स्वस्तात बसेल," एवढंच तो म्हणाला होता, आणि स्वस्तात बसलंही. तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात कोणी बेटावर निघालं की आधी माझ्याकडे चौकशी होते. त्यात दिसलेल्या चुका इथे सांगतो.

आपला पावसाळा तोच सगळ्यांचा पावसाळा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जून ते सप्टेंबर पाऊस, दिवाळीपासून कोरडं, हे वेळापत्रक आपल्या अंगात इतकं मुरलंय की बेटांनाही आपण तेच लावतो.

अंदमानात मान्सून साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो, आणि सप्टेंबरनंतरही तिथला पाऊस थांबत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, ईशान्येकडचा पाऊस असतो. शिवाय बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठण्याचे मुख्य महिने दोन, मे आणि नोव्हेंबर. म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही नेमक्या नको त्या जागी. पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी सातशेच्या आगेमागे, म्हणजे आपला चार वर्षांचा पाऊस तिथे एका वर्षात. खात्रीचे महिने जानेवारी ते एप्रिल.

श्रीलंकेत तर एकाच बेटावर दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून कोलंबो, बेंटोटा, गॅल हा भाग भिजवतो. तेव्हा पूर्वेकडच्या त्रिंकोमालीला आणि अरुगम बेला कोरडं ऊन असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उलटा प्रकार. मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला दोन्हीकडे पाऊस. त्यामुळे 'श्रीलंकेला कधी जावं' या प्रश्नाला उत्तरच नाही, 'श्रीलंकेत कुठे' हे आधी सांगावं लागतं.

थायलंडची गंमत तशीच. फुकेतला पाऊस मे ते ऑक्टोबर, पण पलीकडच्या आखातातल्या को सामुईला सगळ्यात जोराचा पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास. फुकेतचा सीझन सुरू झाला म्हणून उत्साहाने सामुईचं बुकिंग करणारे लोक मी पाहिलेत.

विषुववृत्ताच्या खाली गेलात की पाटी आणखी फिरते. बालीत कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर, पाऊस नोव्हेंबर ते मार्च. मॉरिशसमध्ये मे ते ऑक्टोबर हा चक्क हिवाळा, आणि चक्रीवादळांची भीती नोव्हेंबर ते एप्रिल. आपण इथे उकाड्याने हैराण असतो तेव्हा तिथे संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरची हवा कोरडी, थंड. एकदा गणपती तिकडे बघायचा माझा विचार आहे. घरचा गणपती कोण बसवणार यावर अजून एकमत नाही.

तापमान बघून हुरळणं

"तिथे फक्त एकतीस अंश आहे, आपल्याकडे त्रेचाळीस!" हे वाक्य मी दर मेमध्ये ऐकतो. बरोबर आहे, आणि काही कामाचं नाही.

आपल्याकडचा कूलर आठवा. वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, आणि मे महिन्यात खोली गार. तोच कूलर कोचीला नेऊन लावला तर नुसती ओली हवा फेकेल. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं म्हणून गारवा मिळतो, आणि हवा आधीच ओली असली की वाफ होत नाही. आपल्या घामाचं तेच. परभणीच्या कोरड्या उन्हात घाम आला की उडतो. बेटावर तो अंगावरच राहतो, शर्ट पाठीला चिकटतो, आणि एकतीस अंशात त्रेचाळीसपेक्षा जास्त जीव जातो. घरातल्या वयस्कर माणसांना तर फारच.

खरं म्हणजे मॉरिशस सोडलं तर अशा बेटांवर तापमान वर्षभर जवळपास सारखंच राहतं. तिथे आपल्यासारखे तीन ऋतू नाहीतच, कोरडा आणि ओला असे दोनच. म्हणून महिना ठरवताना तापमानाचा रकाना सोडा, पाऊस, दमटपणा आणि वारा हे तीन रकाने वाचा.

पावसाची भीती, समुद्राचं भान नाही

आपण समुद्रापासून इतके लांब की आपल्याला समुद्र म्हणजे किनारा वाटतो. पाऊस आला तर छत्री घेऊ, असा हिशोब. पण बेटाची सहल पावसाने बिघडत नाही. एक तास धो-धो पडून स्वच्छ ऊन पडलं, हे तर तिथलं नेहमीचंच. सहल बिघडते ती वाऱ्याने आणि लाटांनी. बोट बंद म्हणजे सगळं बंद.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे अंदमानच्या गर्दीच्या मोसमातच, हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक वादळी हवामानाने अडकले होते. त्यांना बाहेर काढायला नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं लागली. त्याच हवामानाचं पुढे 'वरदा' चक्रीवादळ झालं. डिसेंबर चांगला महिना खरा, पण त्याची पहिली पंधरवडी आणि जानेवारीचा शेवट यांत फरक आहे, तो असा.

लक्षद्वीपला हे आणखी जाणवतं. कित्येक बेटांवर मोठं जहाज थेट धक्क्याला लागत नाही. ते बाहेर थांबतं आणि माणसांना छोट्या होड्यांतून आत नेतात. शांत समुद्रात पोरांना यात मजा वाटते. खवळलेल्या समुद्रात डुलत्या जहाजावरून हलत्या होडीत पाय टाकायचा म्हणजे आमच्या आईसारख्या माणसाने करायचं काम नाही. पावसाळ्यात तिकडची वाहतूक आटते ती यामुळे. मेही बेभरवशाचा, २०२१ चं तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच लक्षद्वीपजवळ तयार झालं. तिथे जायला परवाना लागतो, तो काढण्याचे दिवसही हिशोबात धरा.

समुद्र तपासायचा तर महिन्याचा सरासरी पाऊस बघून भागत नाही. हॉटेलला फोन लावून एकच प्रश्न विचारा: "मागच्या वर्षी या आठवड्यात बोटी किती दिवस बंद होत्या?" सीझन चांगला आहे का, असं विचारलंत तर उत्तर कायम 'हो' येतं.

बेटाची कोणती बाजू, हे न विचारणं

पर्जन्यछाया म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसाला नकाशावर दाखवावं लागत नाही. सह्याद्री पाऊस अडवून घेतो आणि आपल्या वाट्याला नुसते ढग येतात. मध्ये डोंगर असलेल्या बेटांवर हेच लहान प्रमाणात घडतं. श्रीलंकेचं वर आलंच. मॉरिशसमध्ये जुलै-ऑगस्टला आग्नेयेकडून वारा वाहतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर हॉटेल घेतलंत तर दिवसभर वारा झोंबतो. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाककडे पाणी शांत असतं. इथे मात्र डोंगराच्या सावलीत राहायचं, आयुष्यात एकदा तरी पर्जन्यछायेचा फायदा घ्यायचा.

पंचांग घरी ठेवून निघणं

बालीचं नवं वर्ष 'न्येपी' शक कालगणनेवर चालतं, आपल्या पाडव्यासारखंच, आणि दोन्हींचा आकडाही एकच. जो शालिवाहन शक आपण पैठणशी जोडतो, तोच त्यांचा 'साका'. २०२३ मध्ये २२ मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी. दरवेळी जुळत नाहीत, २०२४ मध्ये जवळजवळ महिनाभराचं अंतर होतं. फरक साजरा करण्यात आहे. आपण ढोल वाजवतो, ते चोवीस तास गप्प बसतात. रस्ते रिकामे, दिवे मंद, हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही, विमानतळसुद्धा बंद. पाडव्याची सुट्टी जोडून बालीला निघणाऱ्यांनी ही तारीख आधी बघावी. काहींना तो दिवस फार आवडतो, पण तो चुकून वाट्याला येऊ नये.

अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी आणि ओहोटीही खोल. नील बेटावरचा (आताचं शहीद द्वीप) खडकाचा नैसर्गिक पूल नीट बघायचा तर ओहोटीलाच जावं लागतं. हॅवलॉकला रात्री चमकणारं पाणी बघायचं असेल तर पौर्णिमा टाळा, अंधार जितका दाट तितकं ते दिसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, पैसे पडत नाहीत.

सूर्याचंही तसंच. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नऊला उठून, दहाला नाश्ता करून निघणाऱ्यांना दिवस पुरत नाही.

मग सुट्टी कधीची, ते आधी सांगा

लोक आधी बेट ठरवतात, मग सुट्टी तिथे कोंबतात. नोकरदारांचं, शाळेच्या पोरांचं आणि सोयाबीन काढल्यावरच मोकळं होणाऱ्या शेतकऱ्याचं वेळापत्रक बदलत नाही. त्यामुळे महिना पक्का धरा आणि त्या महिन्यात कोणतं बेट बरं ते शोधा.

मे महिना हाताशी असेल तर बाली, मॉरिशस किंवा श्रीलंकेचा पूर्व किनारा. अंदमानचा हट्ट असेल तर एप्रिल संपायच्या आत. दिवाळी सगळ्यात अवघड, तेव्हा अंदमान आणि श्रीलंका दोन्हीकडे धाकधूक, मॉरिशस मात्र छान. नाताळात अंदमान, मालदीव, फुकेत, दक्षिण श्रीलंका सगळं उत्तम आणि सगळं दुप्पट भावात. संक्रांतीनंतर फेब्रुवारीपर्यंत समुद्र ताटातल्या पाण्यासारखा आणि भावही उतरलेले, पण दहावी-बारावीचं पोर घरात असेल तर विषयच नाही. मग हुरडा खा आणि पुढच्या वर्षी जा.

ऑफ सीझन म्हणजे वाईटच, असंही नाही. मालदीवच्या बा अटोलमध्ये (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) हनिफारू उपसागरात मांटा रे मासे झुंडीने येतात ते पावसाळी महिन्यांतच. ते बघायला जाणाऱ्याचा सीझन तोच. मात्र आधी बंदचे दिवस तपासा: थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद, आणि तिथलाच माया बे हा किनारा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

चुकीच्या महिन्याचं बुकिंग झालंच असेल तर

फोनवर दहाही दिवस ढग-पावसाचं चित्र दिसतंय म्हणून लगेच रद्द करू नका. दुपारी अर्धा तास सर आली तरी फोन तेच चित्र दाखवतो. आठवडाभर आधीपासून हवामान खात्याची पत्रकं वाचा, विशेषतः मच्छीमारांसाठीचा इशारा. त्यात समुद्रात जाऊ नका असं असेल तर तुमच्या बोटीचंही खरं नाही.

कार्यक्रमाचा क्रम बदला. लांबचं बेट पहिल्या दिवसांत उरका, शेवटच्या दोन रात्री विमानतळ असलेल्या बेटावर ठेवा. बहुतेक जण उलट करतात, सेल्युलर जेल आधी आणि हॅवलॉक शेवटी, आणि परतीच्या विमानाच्या दिवशीच बोट रद्द होते. जेल पावसातही बघता येतं. बोट शक्यतो सकाळची घ्या. हॉटेलवाल्याकडे पैसे परत मागण्यापेक्षा तारीख बदलून मागा, ते लवकर कबूल होतात.

आणि परतीची रेल्वे. विमानाचं तिकीट चार महिने आधी निघतं, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तोवर आपल्याला सगळं एका दमात जुळवायची घाई झालेली असते. मुंबईला उतरल्या रात्रीचीच देवगिरी एक्सप्रेस धरायला जाऊ नका. विमान दोन तास उशिरा आलं तर गाडी कल्याण सोडून गेलेली असते आणि तुम्ही अजून पट्ट्याजवळ बॅगांची वाट बघत उभे.