शनिवारी सकाळी 7:30 चा तास: रिकामा वर्ग कसा भरला

एस.वाय.ला (पदवीच्या दुसऱ्या वर्षाला) संख्याशास्त्र शिकवतो. पटावर 62, बाकांवर 9-10. 75 टक्के हजेरीची भीती घातली, तर प्रॉक्सी वाढल्या. ग्रुपवर नोट्स टाकणं थांबवलं, तर झेरॉक्सवाल्याची चांदी झाली. जाम वैतागलो.

शेवटी पोरांनाच विचारलं. निम्मी एसटीने येणारी, आणि पहिली गाडी स्टँडवर 7:35 ला!

मग आधी तास 7:50 ला नेला, पुढची सुट्टी कापून. दर शनिवारी फळ्यावर एकच गणित, जोडीने सोडवायचं. अंतर्गत 20 पैकी 10 गुण त्यालाच; 12 कागदांतले सर्वोत्तम 8 धरायचे. कागद मात्र तास संपतानाच गोळा करा. मी पहिल्यांदा सुरुवातीला घेतले, पोरं पसार!

चौथ्या शनिवारी 47 जण. उरलेले क्रिकेटवाले, त्यांच्यावर माझ्याकडे औषध नाही.