ट्रेलरचं डायनेट टेबल अक्रोडाच्या लाकडात घरी बनवायचंय? मग हे वाचा

जुना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं छोटं घर, घेतला की सगळ्यात आधी डोक्यात जातं ते डायनेटचं, म्हणजे आतल्या दोन बाकांमधल्या जेवायच्या जागेचं टेबल. पार्टिकल बोर्डवर लॅमिनेट चिकटवलेलं, कडेची पट्टी सुटलेली, त्यात एकदा पाणी शिरलं की आतला भुसा जो फुगतो तो काही परत बसत नाही. आमचंही तेच झालं, म्हणून इथे ओहायोत गॅरेजमध्ये मी काळ्या अक्रोडाचं टेबल बनवलं. खरं सांगायचं तर दोनदा बनवलं, कारण पहिलं आधी अडकलं आणि मग तडकलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या, ही वस्तू दिवसा टेबल आणि रात्री पलंगाची फळी असते. पाय काढायचे, टेबल खाली उतरवून दोन बाकांच्या आतल्या पट्ट्यांवर ठेवायचं, वर गाद्या टाकायच्या आणि झोपायचं. त्यामुळे जुनं टेबल काढलं की लगेच फेकू नका, तेच तुमचं माप आहे. लांबी, रुंदी, पायांच्या प्लेटांची जागा, भिंतीकडच्या हुकाची जागा सगळं लिहून ठेवा, आणि जाडी तर नक्कीच, कारण नवीन फळी जास्त जाड झाली तर रात्री गादीच्या मधोमध उंचवटा येतो आणि तो बरोब्बर पाठीखाली येतो.

आता लाकूड. घरात सागाची सवय असली तरी इथे साग महाग पडतो, आणि ओहायोत अक्रोड, चेरी, मेपल, ओक सगळं जवळच मिळतं. होम्स काउंटीकडे अमिश लोकांचं (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज) लाकूडकाम मोठं आहे, त्या बाजूला चक्कर मारली तर फळ्या हाताने उलटून पालटून निवडता येतात. ट्रेलरमध्ये वजन मोजावं लागतं, म्हणून हिशोब करून बघा: ४० बाय २८ इंच, पाऊण इंच जाड फळी अक्रोडात साधारण साडेआठ किलो भरते, व्हाइट ओकमध्ये दहाच्या वर. मेपल चांगलं टणक, पण रंगाने पांढरट. आमच्याकडे सकाळी पोहे आणि रात्री वरण, म्हणजे हळद सांडणारच, त्यामुळे गडद अक्रोडच घेतलं. बोर्ड फूट म्हणजे एक फूट बाय एक फूट बाय एक इंच. या टेबलाला जवळजवळ ८ लागतात, पण गाठी आणि टोकाच्या चिरा कापून टाकाव्या लागतात म्हणून ११ तरी घ्या. किल्नमध्ये, म्हणजे लाकडाच्या भट्टीत वाळवलेलंच मागा, मॉइश्चर मीटरवर ओलावा ६ ते ८ टक्के दिसायला हवा, आणि आणल्यावर आठवडा-दोन आठवडे घरातच पडू दे.

आता मी जिथे मार खाल्ला ते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही पण रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. साध्या कापाच्या अक्रोडाची २८ इंच रुंद फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा ५ टक्क्यांनी बदलला, तर रुंदी जवळजवळ ३/८ इंच बदलते. आणि रेषे भिंतीकडून वाटेकडे ठेवले, म्हणजे जे दिसायला चांगलं दिसतं तसे, की हा सगळा बदल नेमका दोन बाकांच्या मध्ये येतो. मी फेब्रुवारीत, हीटर लावलेल्या कोरड्या गॅरेजमध्ये एकदम टाइट माप काढलं आणि स्वतःवर खूश झाले. जुलैत तळ्याकाठी रात्री ते खाली जाईचना, नवरा वरून दाबतोय, मी खालून ओढतेय, पोरं उभ्याउभ्या पेंगतायत. म्हणून दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच जागा सोडा. फक्त बाकाच्या आतली पट्टी तेवढी रुंद आहे ना ते बघा, नाहीतर टेबल सरळ खाली जाईल.

जोडणी: चार-पाच इंच रुंदीच्या फळ्या घ्या, कडांना रंधा मारा आणि दोन कडा एकमेकींना लावून उजेडासमोर धरा, मधून उजेड दिसला तर अजून रंधा. गोंद लावायच्या आधी एकदा कोरडंच क्लॅम्प लावून बघा कारण गोंद लागल्यावर क्लॅम्प शोधत बसायला वेळ नसतो. मी टाइटबॉन्ड ३ वापरला, क्लॅम्प एक वरून एक खालून असे लावले की फळी वाकत नाही. क्लॅम्प रात्रभर राहू दिले. बाहेर आलेला गोंद रबरासारखा झाला की पटाशीने खरवडून काढायचा, ओल्या फडक्याने पुसलात तर तो रेष्यांत जातो आणि पॉलिश करताना डाग दिसतात.

खाली तीन आडव्या पट्ट्या लागतातच, एकतर फळी वाकू नये म्हणून आणि दुसरं म्हणजे तिच्यावर माणूस झोपणारे. पट्ट्या दोन्ही टोकांना अडीच इंच आखूड ठेवा, नाहीतर त्या बाकाच्या पट्टीवर आपटतील. आणि त्यांना गोंद लावायचा नाही! मी पहिल्या वेळी गोंद लावून वर स्क्रू घट्ट आवळले, ओहायोच्या दमट उन्हाळ्यातून ते टेबल युटाच्या वाळवंटात नेलं, आणि मोआबला तिसऱ्या दिवशी कट्ट असा आवाज होऊन मधून चीर गेली. मधलं भोक गोल ठेवा, बाजूची दोन्ही भोकं आडवी लांबट करा, वॉशर घालून स्क्रू लावा म्हणजे लाकडाला सरकायला वाव राहतो. भिंतीकडची हुकवाली धातूची पट्टी पण रुंदीभर असते, तिचीही कडेची भोकं कानशीने लांबट करून घ्या. स्क्रू फळीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. भिंतीत नवीन भोकं तर नकोच, जुनी होती तिथेच मागे आधार असतो, बाकी सगळीकडे पातळ पॅनेल.

वाटेकडचे कोपरे गोल करा, अरुंद जागेत येता-जाता कमरेला लागतात. मी स्टीलची वाटी उलटी ठेवून पेन्सिल फिरवली.

मग ८०, १२०, १८०, २२० असा पॉलिश पेपर, आणि फडक्याने पुसून लावायच्या पॉलियुरेथेन व्हार्निशचे चार हात, जेवढे वर तेवढेच खाली. खालचा भाग कोरा सोडला तर एक बाजू जास्त ओलावा घेते आणि फळीचा पापड होतो. त्याची तेलकट फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा. वाळल्यासारखं वाटलं तरी महिनाभर गरम पातेलं थेट ठेवू नका.

गाडी चालू असताना टेबल खाली उतरवलेलंच ठेवा. आणि पहिल्या ट्रिपहून आलात की खाली वाकून सगळे स्क्रू एकदा फिरवून बघा, माझे पायाच्या प्लेटचे दोन ढिले निघाले होते.