सुटलेलं पोट पडवीतच आवळलं

धाकटी वर्षाची झाली तरी माझं पोट पुढेच. बाळंतपणानंतर पोटाला बांधतात त्या पट्ट्यावरून सासूबाईंचं एकच, "पट्टो नीट बांधूक नाय गो तू." देवगडच्या पावसात बाहेर चालायला जाणं कठीण, म्हणून पडवीत चटई टाकली.

आधी तपासणी. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीपाशी बोटं आडवी दाबायची. दोन बोटांहून जास्त फट लागली तर पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले असतात. माझे होते. अशा वेळी क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम, केले की पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. तो दिसला की थांबायचं, असं फिजिओथेरपिस्टने बजावलं.

खरं काम केलं ते श्वासाने. श्वास सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची. कमरपट्ट्यासारखा वेढा घालणारा सगळ्यात आतला स्नायू त्याने आवळतो. तसंच धरून एकेक टाच चटईवरून पुढे सरकवायची, कंबर न उचलता. भयंकर कंटाळवाणं, पण मुख्य हेच. ते जमल्यावर सेतुबंधासन (उताणं झोपून कंबर उचलायची), मग गुडघे टेकून प्लँक (पालथं, कोपरांवर अंग सरळ तोलून धरायचं).

चरबीचं गणित वेगळं. पोटाच्या व्यायामाने नेमकी पोटाचीच चरबी जळत नाही; अंगभरची उतरते तेव्हा तिथलीही जाते. म्हणून भात दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद, तिखल्यातला, म्हणजे तिखट रश्शातला, बांगडा मात्र एक तुकडी जास्त. (तळलेला नव्हे, हे दुःख आहेच.) भारतीय बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. माझी अजून थोडी वर आहे. फट मात्र बोटभरच उरलीय, आणि विहिरीवरून कळशी आणताना पाठ धरत नाही.