पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ताठपणा, दुखणं : काय करावं?

पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते, बोटं मात्र जमिनीवर टेकलेली राहतात आणि अंगठा मुळाशी वर वाकतो. रोजच्या चालण्यात हा सांधा साधारण ४५ ते ६५ अंश वाकावा लागतो. तिथली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) झिजली की हाड वरच्या बाजूला वाढतं, टणक उंचवटा तयार होतो आणि वाकणं अडतं. डॉक्टर याला ‘हॅलक्स रिजिडस’ म्हणतात.

आधी नेमकं काय आहे ते ओळखा. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि हाताने अंगठा हळूच वर उचला. दुसऱ्या पायाशी तुलना करा. एकाच पायाचा कमी उचलला जातो आणि सांध्याच्या वर दुखतं, तर झिजेची शंका घ्या. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलला असेल, तर तो वेगळा आजार. एका रात्रीत सांधा लाल, गरम झाला, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर ते गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांध्याची सूज, असू शकतं. अंगठा दुखला की युरिक ॲसिडच समजून डाळी सोडणारी माणसं पाहून वाईट वाटतं. झीज असेल तर पथ्याने काहीच साधत नाही. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत झीज बहुधा दिसते.

मग पायातलं बदला. माझ्या मते सगळ्यात जास्त आराम इथेच मिळतो. बूट हातात घेऊन टाच आणि टोक एकमेकांकडे दाबा. चवड्याशी सहज दुमडला, तर तो तुमच्यासाठी नाही, कितीही मऊ वाटला तरी. तळ कडक हवा. चवड्याखाली गोलसर उचललेला ‘रॉकर’ तळ असेल तर उत्तमच, कारण पाऊल पुढे कलतं आणि अंगठ्याला वाकावं लागत नाही. उंचवटा घासू नये म्हणून पुढचा भाग खोल आणि रुंद घ्या. उंच टाच नको. अंगठ्याचा पट्टा उंचवट्यावर येत असेल तर तशी चप्पलही नको.

चवड्यावर उकिडवं बसून भांडी घासणं, फरशी पुसणं कमी करा. पाट किंवा स्टूल घ्या. दुखत नाही तेवढ्याच मर्यादेत अंगठा हलवा. कुणाकडून जोर लावून ‘मोडून’ घेऊ नका, हाडाला हाड अडलेलं असताना त्याने सूज वाढते. सुजल्यावर कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं बर्फ लावा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर बर्फ किंवा गरम शेक स्वतःहून देऊ नका. दुखण्याच्या गोळ्या रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर.

ताप, पसरती लाली किंवा जखम असेल तर त्याच दिवशी दाखवा.

एवढं करूनही चालणं अवघड राहिलं, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. झीज कमी असेल तर वाढलेलं हाड तासतात. फार असेल तर सांधा कायमचा जोडून टाकतात. जोडल्यावर चांगलं चालता येतं, पण अंगठा तिथे पुन्हा वाकत नाही. चवड्यावर बसण्याची सवय किंवा गरज असेल, तर हे सर्जनला आधीच सांगा.