पंप बंद, पंखा चालू: कूलरला थर्मोस्टॅट बसवताना

लातुरात मे महिन्यात कूलर सकाळी अकरालाच सुरू होतो, पण घरात भांडण होतं ते पहाटे. रात्री दोनपर्यंत गारवा हवाहवासा वाटतो, चारच्या सुमाराला अंगावर शहारे येतात, आणि उठून बटण कुणी बंद करायचं यावरून दोघंही झोपेचं सोंग घेतात. माझ्याकडे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून आपोआप चालू-बंद होणारं बटण, मागायला येणारी बरीच गिऱ्हाइकं यासाठीच येतात. काहींना वाटतं लाइटबिल कमी होईल. त्यांना मी आधीच सांगते, दादा, बिलात फार फरक पडायचा नाही. घरगुती कूलरचा पंप वीस-चाळीस वॅटचा असतो. वाचतं ते पाणी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आपण पाहिलंय, तेव्हा रात्रभर उगाच उडून जाणारं टाकीतलं पाणी वाचलं तर ते मला पुरे.

म्हणून थर्मोस्टॅट लावायचा तो पंपाला. पंखा त्याच्या स्वतःच्या बटणावरच राहू द्या. पंखा बंद झाला तर खोली कोंडते, डास येतात. पंप बंद झाला तर गवत आणखी थोडा वेळ ओलं राहतं, हवा हळूहळू साधी होत जाते आणि कुणाला कळतही नाही.

बाजारात थर्मोस्टॅट म्हणून एसटीसी-१००० नावाचा डिजिटल कंट्रोलर मिळतो. गंजगोलाईच्या आसपास इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. घेताना मागचं स्टिकर वाचा, कारण हाच डबा १२, २४ आणि ११० व्होल्टचाही येतो. आपल्याला २२० चा हवा. सोबत एक पीव्हीसी बॉक्स, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तीन पिनांचा प्लग. बॉक्सच्या झाकणाला ७१ बाय २९ मिलिमीटरचा चौकोन कापला की कंट्रोलर चपखल बसतो. बॉक्स भिंतीवर लावा. कूलरच्या पत्र्यावर नको, तिथं शिंतोडे उडतात.

आता वायरिंग. सवय नसेल तर हा भाग ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बऱ्याच जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मागे आठ टर्मिनल आहेत: १ आणि २ ला वीज, ३ आणि ४ ला सेन्सर (तापमान मोजणारं वायरचं टोक), ५-६ हीटरसाठी, ७-८ थंडाव्यासाठी. ५-६ मोकळं सोडा. फेज १ ला, न्यूट्रल २ ला. मग १ वरून एक छोटा तुकडा ७ ला न्या, आणि ८ वरून पंपाची फेज काढा. पंपाचा न्यूट्रल थेट २ ला. लोक पंपाच्या दोन्ही वायरी ७ आणि ८ मध्ये खोचतात आणि "मशीन खराब निघालं" म्हणून घेऊन येतात. मशीन चांगलं असतं. ७-८ म्हणजे आत बसलेलं एक बटण आहे. ते वीज देत नाही, फक्त जोडतं आणि तोडतं.

लोखंडी पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंगबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. पत्र्याला हिरवी वायर पक्की बोल्टने, आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच. टाकीत पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, थर्मोस्टॅट असला तरी. पंप थांबलेला दिसतो म्हणून काकू टाकीत हात घालतात, आणि नेमकं तेव्हाच खोली तापून तो सुरू होऊ शकतो.

सेन्सर कुठे लावता यावर सगळा खेळ आहे. कूलरच्या झोतात लावला तर त्याला पाच मिनिटांत गार वाटतं आणि पंप बंद, खोली मात्र तापलेली. पश्चिमेच्या भिंतीला लावला तर भिंत रात्री उशिरापर्यंत गरम, पंप थांबायचं नाव घेत नाही. आतल्या भिंतीवर, झोतापासून बाजूला, पलंगाच्या उंचीवर लावा. वायर अपुरी पडली तर साधी दोन तारांची वायर जोडून वाढवा, आकड्यात फरक पडत नाही.

लावण्याआधी एकदा तपासून घ्या. पेल्यात ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन सेन्सरचं टोक बुडवून हलवत राहा. आकडा शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. एक-दीड अंश इकडेतिकडे असेल तर तो कंट्रोलरच्या एफ४ या सेटिंगमध्ये दुरुस्त होतो.

सेटिंगसाठी एस बटण तीन सेकंद दाबून धरा, एफ१ दिसेल. बाणांनी एफ४ पर्यंत फिरता येतं. आकडा बदलताना एस दाबून ठेवूनच बाण दाबायचा, आणि शेवटी पॉवरचं बटण हलकेच दाबून जतन करायचं. ते विसरलात तर दहा सेकंदांनी जुनाच आकडा परत येतो. मी एफ१ ला २७ आणि एफ२ ला १.५ ठेवते: खोली २८.५ झाली की पंप सुरू, २७ ला बंद. एफ२ अर्ध्या अंशावर ठेवू नका, पंप सारखा चालू-बंद होतो. एफ३ म्हणजे पुन्हा सुरू होण्याआधीची थांबायची मिनिटं. ती फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी असतात, पंपाला एक पुरे. लाइट जाऊन आली की हिरवा दिवा मिनिटभर मिचकावतो तो यामुळेच. आकडे पुसले जात नाहीत. पडद्यावर 'ईई' आलं तर सेन्सरची वायर कुठे तुटली ते पाहा. आमच्याकडे बहुतेक वेळा उंदीर.

कुणी २२ लावून बसतं. बाहेर ४२ असताना कूलर तिथवर पोचतच नाही, मग पंप रात्रंदिवस चालतो. समोरची खिडकी बंद ठेवली तरी तेच: दमट हवेला बाहेर जायला वाट नाही, पारा उतरत नाही.

मृगाचा पाऊस पडला की या डब्याचा उपयोग संपला. तो तापमान मोजतो, दमटपणा त्याला कळत नाही. चिकचिक वाढत जाते आणि पंप आपला चालूच. तेव्हा पंपाची पिन काढा, नुसता पंखा चालवा, आणि टाकी रिकामी करून कोरडी पुसून ठेवा.