सॅडलमधील शिकार: पायाखालचा प्लॅटफॉर्म निसटला तरी खाली न पडण्याची तयारी

झाडावर दबा धरून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याची जी पद्धत अमेरिकेत ‘सॅडल हंटिंग’ या नावाने रूढ झाली आहे, तिच्यात शिकारी मचाणावर बसत नाही. कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या सॅडलमध्ये, खोडाला वेढलेल्या टेदर नावाच्या दोराच्या आधाराने, तो खोडाकडे तोंड करून रेललेला असतो. पायाखाली असतो तो जेमतेम दोन पावले मावतील एवढा अ‍ॅल्युमिनियमचा प्लॅटफॉर्म, एका पट्ट्याने खोडाला आवळलेला. साहित्य हलके, पाठीवर नेण्याजोगे आणि कोणत्याही सरळ झाडावर चालणारे असल्यामुळे अनेकांना ते सोयीचे वाटते. मात्र पंधरा-वीस फुटांवर दोन-तीन तास निवांत उभे राहिल्यावर पायाखालचा तो पत्रा जमिनीसारखा भरवशाचा वाटू लागतो, आणि तिथेच धोका सुरू होतो.

प्लॅटफॉर्म केवळ पाय टेकण्यासाठी असतो. जीव टेदरवर असतो. म्हणून सगळी बांधणी अशी असावी की प्लॅटफॉर्म या क्षणी नाहीसा झाला, तर शरीर फार तर वीतभर खाली बसेल आणि सॅडलमध्ये लटकून राहील. या लेखातील प्रत्येक सूचना याच एका कसोटीवर पारखून घ्यावी.

प्लॅटफॉर्म खोडाला कसा धरून राहतो

प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूला एक उभा दांडा असतो. दांड्याच्या वरच्या भागावरून पट्टा जातो आणि खालच्या टोकाला खोडात रुतणारे दात असतात. बाहेरच्या कडेवर वजन पडले की प्लॅटफॉर्म खाली कलू पाहतो; पट्टा वरचा भाग खोडाकडे धरून ठेवतो आणि खालचे दात सालीत अधिक दाबले जातात. म्हणजे वजन सरळ खाली येत असेल तोवर पकड वाढतच जाते. लावताना प्लॅटफॉर्मची पुढची कड किंचित वर ठेवून पट्टा शक्य तितका ताणावा आणि मग पायाने कड खाली दाबून प्लॅटफॉर्म सपाट करावा. या दाबण्यात पट्टा आणखी ताणला जाऊन दात बसतात. हात न लावता प्लॅटफॉर्म सहज सपाट झाला, तर पट्टा सैल आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

या रचनेची उणीव तिच्या गुणातच आहे. ती खाली येणाऱ्या वजनासाठी केलेली असते. बाजूने आलेला रेटा आणि खालून वर आलेला धक्का तिला सोसत नाही. हरीण मागच्या अंगाने आले आणि शिकारी खोडाभोवती वळला की त्याचे पाय प्लॅटफॉर्मच्या कडेवर आडवा जोर देतात. बारीक किंवा गुळगुळीत खोडावर तेवढ्याने दात फिरतात, आणि एकदा फिरले की पट्टाही ढिला पडतो. तसेच वर सरकताना बूट प्लॅटफॉर्मच्या खालच्या बाजूला अडकून तो वर उचलला गेला, तर बसलेली पकड तत्क्षणी सुटते. उत्पादनावर छापलेली वजनमर्यादा, उदाहरणार्थ ३०० पौंड म्हणजे सुमारे १३६ किलो, नीट बसवलेल्या प्लॅटफॉर्मवर खाली येणाऱ्या भाराची असते. आडव्या रेट्याबद्दल ती काही सांगत नाही. त्या मर्यादेत स्वतःच्या वजनासोबत कपडे, बूट, धनुष्य आणि पाठीवरची पिशवी हेही मोजावे लागते.

फार वळावे लागेल असे वाटल्यास प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना खोडाभोवती पायऱ्यांचा वेगळा पट्टा लावावा आणि आडवा जोर त्या पायऱ्यांवर घ्यावा. माझ्या मते हा छोटा खर्च आणि थोडे जास्तीचे वजन सर्वांनीच पत्करावे.

टेदरमधील ढील

प्लॅटफॉर्म निकामी झाल्यावर काय होणार हे जवळजवळ पूर्णपणे टेदरमध्ये किती ढील होती यावर ठरते. टेदर आणि सॅडलचे दोर सहसा स्थिर प्रकारचे, म्हणजे फारसे न ताणणारे असतात. गिर्यारोहणाचा लवचिक दोर पडण्याची ऊर्जा स्वतःत सामावून घेतो. टेदरचा स्थिर दोर ती शरीराकडे आणि जोडण्यांकडे परत पाठवतो.

हिशेब करून पाहावा. ८० किलोचा माणूस ६० सेंटिमीटर ढिलीमुळे मोकळा पडला आणि गाठ आवळणे, सॅडल दबणे, दोर ताणणे हे सगळे धरून पुढच्या १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी जोर सुमारे ५.५ किलोन्यूटन होतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या सातपट. हाच माणूस फक्त १० सेंटिमीटर पडून तेवढ्याच अंतरात थांबला, तर जोर सुमारे १.६ किलोन्यूटन, म्हणजे वजनाच्या दुप्पट राहतो. २२ किलोन्यूटन क्षमतेचा कॅराबिनर (दोर जोडणारी, झडप असलेली धातूची कडी) पहिल्या प्रसंगातही तुटणार नाही. कंबर, पाठीचा कणा आणि दोर पकडणारे उपकरण मात्र निभावून जाईल असे गृहीत धरता येत नाही. टेदरची लांबी कमीजास्त करण्यासाठी दातेरी यांत्रिक उपकरण वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण अशा उपकरणांचे दात साधारण ४ ते ६ किलोन्यूटनच्या धक्क्यात दोराचे आवरण फाडू शकतात. ती शरीराचे वजन तोलण्यासाठी असतात, पडणारे शरीर झेलण्यासाठी नसतात.

म्हणून प्लॅटफॉर्मवर सरळ उभे राहिल्यावर टेदरचा खोडावरील वेढा कपाळाच्या आसपास किंवा त्याहून थोडा वर असावा आणि लांबी अशी असावी की उभे असतानाही दोर हलकासा ताणलेला राहील. रेलण्यासाठी लांबी वाढवली असेल, तर उभे राहण्यापूर्वी ती परत कमी करावी. वेढा छातीच्या खाली येईल अशा स्थितीत कधीही उभे राहू नये. प्लॅटफॉर्म लावून झाल्यावर वरच्या पायरीवर चढून फांदी छाटण्याचा मोह अनेकांना होतो. त्या वेळी टेदर आधी वर सरकवावा, मग पाय उचलावा.

टेदरवर प्रुसिक गाठ (मोकळी असताना दोरावर सरकणारी आणि वजन पडताच आवळून धरणारी गाठ) वापरत असल्यास तिचा दोर मुख्य दोरापेक्षा बारीक असावा, तीन वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसलेले असावेत आणि प्रत्येक वेळी पूर्ण वजन देण्याआधी ती झटका देऊन धरते का ते पाहावे. टेदरच्या मोकळ्या टोकाला अडसर-गाठ असलीच पाहिजे, म्हणजे उपकरण घसरत गेले तरी दोराबाहेर निघणार नाही.

घरी करायची तपासणी

अ‍ॅल्युमिनियमचा एक गुणधर्म पोलादाहून वेगळा आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा भार कितीही वेळा पडला तरी ते सहसा थकत नाही; अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. छोटे छोटे भार वारंवार पडत गेले की कधी ना कधी त्यात तडा सुरू होतोच. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या पट्ट्यातील ताकद बरीच उतरलेली असते, आणि ओतीव भागात आत हवेची पोकळी राहिलेली असू शकते. त्यामुळे गेल्या तीन हंगामांत काही झाले नाही, हा चौथ्या हंगामासाठी पुरावा ठरत नाही.

तपासताना प्लॅटफॉर्म आधी धुऊन पूर्ण कोरडा करावा. दांडा जिथे पाटाला मिळतो तो जोड, दातांच्या मुळाशी असलेला कोपरा आणि बोल्टची भोके ही तीन ठिकाणे उजेड तिरपा पाडून पाहावीत, कारण समोरच्या उजेडात केसासारखा तडा दिसत नाही. संशयास्पद रेघ दिसली की तिच्यावरून नख आडवे फिरवावे. रंगावरचा ओरखडा असेल तर नख घसरत जाते. तड्यावर ते किंचित अडते. बोल्टच्या डोक्याभोवती किंवा जोडाच्या कडेला काळपट करडी पूड दिसली आणि पुसल्यावर पुढच्या वापरानंतर ती पुन्हा आली, तर तिथे दोन भाग एकमेकांवर घासत आहेत हे निश्चित समजावे. पाय घसरू नये म्हणून पाटावर चिकटवलेली खरखरीत पट्टी आणि स्वतः दिलेला रंग या दोन्हींखाली तडा लपतो, म्हणून जोडांवर त्यांपैकी काहीही नसावे. वजन कमी करण्यासाठी भोके पाडणे किंवा दात कानशीने घासून तीक्ष्ण करणे हे तर पूर्णपणे टाळावे.

पट्ट्याची शिवण आणि बकलमधून जाणारा भाग दोन बोटांत धरून वाकवावा. रंग फिका पडून तंतू कडक झाले असतील, तर उन्हाने तो खाल्ला आहे. नायलॉनचा पट्टा भिजल्यावर सैलावतो. रात्रभर पाऊस झाला असेल तर सकाळी तो पुन्हा ताणल्याशिवाय प्लॅटफॉर्मवर पाय ठेवू नये. हंगामभर झाडावर सोडलेल्या पट्ट्यांना खारी कुरतडतात आणि वाढते खोड त्यांना आतून ताणत राहते, म्हणून प्लॅटफॉर्म प्रत्येक वेळी काढून नेणेच योग्य.

सॅडलवर सर्वांत लवकर झिजतो तो पुढचा ब्रिज, म्हणजे सॅडलच्या दोन बाजू जोडणारा आणि टेदर ज्याला अडकतो तो दोर, कारण वळताना कॅराबिनर त्याच्यावर एकाच टप्प्यात पुढेमागे घासत असतो. वरवर थोडी लव येणे स्वाभाविक आहे; आतला गाभा दिसू लागला, एखादी जागा चपटी किंवा चकचकीत झाली, तर ब्रिज लगेच बदलावा. हा ब्रिज पुष्कळदा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीन तंतूंचा असतो. तो वजनाच्या मानाने अत्यंत बळकट असला तरी सुमारे १५० अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि इतका गुळगुळीत असतो की साध्या गाठी त्यात सरकतात. त्यामुळे त्याची गाठ वा गुंफण उत्पादकाने सांगितली तशीच असावी आणि तो घर्षणाच्या कामी वापरू नये.

झाड आणि चढण्याचा क्रम

साहित्य निर्दोष असूनही झाड दगा देऊ शकते. झाड जिवंत, सरळ आणि घट्ट सालीचे असावे. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यांनी सुटते, त्यामुळे दात खोडात न रुतता सुट्या सालीत रुततात. बीचची साल गुळगुळीत असल्याने प्लॅटफॉर्म फिरण्याची शक्यता वाढते. अ‍ॅशच्या बाबतीत अधिक सावध राहावे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्यानंतर त्याने असंख्य अ‍ॅश वृक्ष मारले. मेलेला अ‍ॅश उभा दिसत असला तरी लवकर ठिसूळ होतो. पाने गळालेल्या हंगामात जिवंत आणि मेलेले झाड वेगळे ओळखणे कठीण असते, म्हणून झाडाची निवड उन्हाळ्यातच करून ठेवावी.

पाय जमिनीवरून सुटण्याआधी लाइनमन रोप खोडाभोवती घेऊन सॅडलच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडावा आणि प्रत्येक पावलागणिक तो वर सरकवावा. हा दोर हात मोकळे ठेवण्यासाठी असतो. सरळ खोडावर तो खाली घसरू शकतो, म्हणून शक्य असेल तेव्हा चढतानाच टेदरही सोबत वर न्यावा. आडवी फांदी ओलांडताना एक दोर सोडण्याआधी दुसरा जोडलेला आणि वजनाने तपासलेला असावा. वर पोहोचल्यावर आधी टेदरवर बसून पाहावे आणि त्यानंतरच प्लॅटफॉर्म लावावा. त्याच्यावर पहिले पूर्ण वजन देताना लाइनमन रोपही जोडलेला ठेवून टाचा दोन-तीनदा जोराने दाबाव्यात, मग डाव्या आणि उजव्या कडेवर आडवा रेटा देऊन पाहावा. तो निसटायचाच असेल तर याच वेळी निसटावा. धनुष्य आणि बाण नंतर दोरीने वर ओढावेत. बाणांची पाती झाकलेली असावीत, कारण प्लॅटफॉर्म गेल्यावर शरीर सरळ खाली न जाता झोका घेऊन खोडावर आदळते.

प्लॅटफॉर्म गेल्यानंतर

शेवटची चढण्याची पायरी प्लॅटफॉर्मच्या खाली अशा अंतरावर ठेवावी की लटकलेल्या अवस्थेत पाय लांबवून तिच्यावर टेकता येईल. प्लॅटफॉर्म निसटल्यावर आधी दोन्ही तळहात खोडावर टेकून झोका थांबवावा, मग एक पाय पायरीवर घ्यावा, लाइनमन रोप जोडावा आणि त्यानंतरच टेदरची लांबी बदलावी. पायरी हाताशी नसेल तर प्रुसिकवर बांधलेली पायाची फासकी कामी येते. ती सॅडलच्या खिशात, एका हाताने निघेल अशी ठेवावी. निश्चल लटकत राहिल्यास पायांत रक्त साचून भोवळ येऊ शकते, म्हणून मदतीची वाट पाहावी लागली तर फासकीत उभे राहून पायांची हालचाल चालू ठेवावी. शिट्टी आणि फोन शरीरावर असावेत, पिशवीत नव्हे, आणि कोणत्या झाडावर किती वाजेपर्यंत आहोत हे घरच्या माणसाला आधी सांगितलेले असावे.

हा सगळा क्रम जमिनीपासून हातभर उंचीवर प्लॅटफॉर्म लावून, तो सोबत्याकडून मुद्दाम काढून घेववून, हंगामापूर्वी निदान तीन-चार वेळा करून पाहावा. अंधारात आणि हातमोजे घालून एकदा तरी करावा.

निकामी झालेला प्लॅटफॉर्म दुरुस्त करून वापरू नये. तुटलेल्या भागाची, बोल्टची आणि पट्ट्याची जवळून छायाचित्रे घ्यावीत, तुकडे पुसू किंवा घासू नयेत, मॉडेल आणि उत्पादन क्रमांक लिहून ठेवावा आणि उत्पादकाबरोबरच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडेही तक्रार नोंदवावी, कारण सदोष उत्पादन बाजारातून परत मागवण्याच्या सूचना हा आयोग प्रसिद्ध करतो. ज्या टेदरने आणि ब्रिजने तो धक्का झेलला, ते दोन्ही वरून ठीक दिसत असले तरी बाद करावेत, आणि चौकशीसाठी गरज उरली नाही की त्यांचे तुकडे करूनच टाकावेत, म्हणजे कुणी ते उचलून पुन्हा झाडावर नेणार नाही.