ब्रॉयलर कोंबडीपालन कसं करायचं: शेड बांधण्यापासून गाडी भरेपर्यंत

पोल्ट्री टाकायची म्हटलं की जो तो आधी विचारतो, सध्या भाव काय चाललाय. भाव आपल्या हातात नसतो, आणि करारावर पक्षी टाकले तर भावाशी आपला फारसा संबंधच येत नाही. ब्रॉयलरच्या खर्चात साधारण दोन तृतीयांश खर्च एकट्या खाद्याचा असतो, म्हणून पक्ष्यानं किती खाल्लं आणि त्यातून किती वजन केलं हा हिशोब आधी पक्का समजून घ्या, शेड, ऊब, हवा, पाणी ही पुढची सगळी कामं त्याच्यासाठीच करायची असतात.

हिशोब असा. समजा 5000 पिल्लं टाकली, 200 मेली, 4800 विकली, सरासरी वजन 2.1 किलो आलं, म्हणजे 10,080 किलो माल. खाद्य लागलं 17 टन, म्हणजे 50 किलोच्या 340 गोण्या. 17,000 ला 10,080 नं भागलं की 1.69 येतं, हा तुमचा एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागलेलं खाद्य. चांगल्या शेडवर हा 1.6 च्या खाली जातो. आता 0.1 चा फरक दिसायला काहीच नाही, पण या बॅचला तो म्हणजे एक टन खाद्य, 20 गोण्या, किलोला 40 रुपये धरले तर 40 हजार. सांडलेलं खाद्य, उंदरांनी खाल्लेलं, थंडीत अंग गरम ठेवायला पक्ष्यानं जाळलेलं, सगळं यातच येतं.

करार की स्वतःचे पक्षी

आपल्या नाशिक जिल्ह्यात सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी सगळीकडं करारावरच जास्त चालतं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, लाईट, पाणी, भुसा, मजुरी आपली, आणि विकलेल्या किलोवर आपल्याला संगोपनाचा दर. नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःचे पक्षी टाकून भाव चांगला लागला तर पैसा जास्त दिसतो हे खरं, पण फेब्रुवारी 2006 मधे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आणि 2020 ला चिकननं कोरोना होतो अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली तेव्हा भाव कुठं गेले ते आठवा, तयार पक्षी फुकट वाटायची पाळी आली होती लोकांवर. असे दोन-तीन महिने तग धरायला गाठीला पैसा असेल तरच त्या वाटेला जा.

करारावर सही करताना किलोला दर किती हे तर बघाच, पण एफसीआर बिघडला किंवा मर जास्त झाली तर कापतात किती, चांगला आला तर वर देतात किती, गाडी भरल्यावर किती दिवसांत पैसे खात्यावर येतात आणि दोन बॅचमधे किती दिवस शेड रिकामं ठेवणार हे लेखी घ्या. कोरे चेक मागितले तर रक्कम आणि कारण लिहूनच द्यायचे, त्यात भीड धरायची नाही.

समजा किलोला 7 रुपये दर आहे. वरच्या बॅचला साधारण 70 हजार आले, त्यातून मजुरी, लाईट, भुसा, ब्रूडिंगचं (पिल्लांना ऊब द्यायचं) इंधन, चुना वगैरे 25 हजार गेले तर 45 राहतात. वर्षाला कागदावर 6 बॅच बसतात, तुम्ही 5 च धरा. म्हणजे सव्वा दोन लाख, आणि शेडच्या कर्जाचा वर्षाचा हप्ता यात आरामात बसतोय का ते बघूनच बँकेत जा. आणखी एक, सबसिडी मिळते म्हणून कुणी ब्रॉयलरचं शेड गळ्यात मारत असेल तर सावध राहा, राष्ट्रीय पशुधन अभियानातलं कुक्कुटपालनाचं 50 टक्के अनुदान गावठी धाटणीच्या, कमी खर्चात वाढणाऱ्या जातींच्या पॅरेंट फार्म (उबवायच्या अंड्यांसाठी पक्षी पाळायचं फार्म) आणि हॅचरीसाठी (अंडी उबवायचं केंद्र) आहे, करारावरच्या ब्रॉयलर शेडला ते लागू नाही.

जागा आणि शेड

गावापासून लांब, पाणी न साचणारी उंचवट्याची जागा, आणि दहा टायरची खाद्याची गाडी पावसाळ्यातसुद्धा दारापर्यंत येईल असा रस्ता. रस्त्याकडं लोक दुर्लक्ष करतात आणि मग जुलैमधे ट्रॅक्टरनं गोण्या ओढतात.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन सरळ आत येत नाही आणि आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारी झड आखूड भिंतीवर बसते. रुंदी 30 फुटाच्या वर नको, नाहीतर मधल्या पक्ष्यांना हवाच लागत नाही. 5000 पक्ष्यांना 30 बाय 200 चं शेड, पक्ष्याला 1.2 चौरस फूट जागा झाली, उन्हाळ्यात तेवढी लागतेच. बाजूला फूट-दीड फुटाची भिंत, वर जाळी, छपराची वळचण तीन फूट बाहेर. खाली कोबा करा, मातीच्या जमिनीत उंदीर बिळं करतात आणि रोगराई मुरते.

लाईटच्या बाबतीत शेतीपंपाच्या फीडरवर अवलंबून राहू नका, ती लाईट आठ तास आणि तीही कधी रात्रीची. वेगळं मीटर घ्या, महावितरणकडं पोल्ट्रीसाठी ‘कृषी-इतर’ असा वर्ग आहे, त्यातच कनेक्शन मागा, व्यापारी दरात टाकलं असेल तर अर्ज देऊन बदलून घ्या. सोबत इन्व्हर्टर किंवा छोटा जनरेटर पाहिजेच.

पिल्लं यायच्या आधी

धुतलेल्या, चुना मारलेल्या, वाळलेल्या शेडमधे दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. घोटी-इगतपुरीकडच्या राईस मिलमधून तूस चांगलं मिळतं, फक्त गाडी भरायच्या आधी हात घालून बघा, ओलसर किंवा बुरशीचा वास येणारं अजिबात घेऊ नका. त्यावर कागद अंथरा. पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल करा, गोलच, कारण कोपरा सापडला की पिल्लं तिथं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. एका गोलात 250-300 पिल्लं पुरे.

ब्रूडर (ऊब देणारी शेगडी किंवा दिवे) पिल्लं यायच्या आधीच चालू करायचा, थंडीत तर आदल्या दिवशी. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशाच्या खाली उतरतो हे सगळ्यांना माहिती आहे, अशा दिवसांत हवा गरम झाली तरी खालचा कोबा बर्फासारखा राहतो आणि पिल्लाचे पाय गार पडले की ते खायला उठत नाही. कोळशाची शेगडी वापरत असाल तर धूर बाहेर जाऊ द्या.

पहिला आठवडा

या सात दिवसांत शेडवरच झोपायचं. खरंच. इथं मागं पडलेलं पिल्लू पुढं कितीही खाल्लं तरी वजनात बरोबरी करत नाही.

गाडी आली की डबे पटापट उतरवून मोजून गोलात सोडा, थोड्या पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवा, ती प्यायला लागली की बाकीची बघून पितात. पहिले एक-दोन तास नुसतं गूळपाणी किंवा इलेक्ट्रोलाईटचं पाणी, मग कागदावर मक्याचा भरडा किंवा प्रीस्टार्टर (पहिल्या दिवसांचं खाद्य) थोडं थोडं टाकायचं. संध्याकाळी वीस-तीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपा, भरलेली आणि मऊ लागली म्हणजे खाल्लं आणि प्यायलं, कडक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी असेल तर ऊब किंवा उजेड कुठंतरी कमी आहे. त्याच वेळी पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा, गार लागले तर ब्रूडर खाली घ्या.

थर्मामीटर पिल्लाच्या उंचीवर लटकवा, सुरुवातीला 33 अंशाच्या आसपास, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पण पिल्लंच जास्त खरं सांगतात. ब्रूडरखाली गोळा होऊन चिवचिव करतायत म्हणजे थंडी वाजतेय, पत्र्याला चिकटून तोंड वासलंय म्हणजे गरम होतंय, सगळी एकाच बाजूला सरकलीत म्हणजे दुसरीकडून वारा घुसतोय, तो पडदा शोधा. गोलभर पसरून काही खातायत, काही झोपलीत, तर तुम्हीही जरा झोपा. रोज गोल थोडा मोठा करत न्या.

सातव्या दिवशी वजन घ्यायचं. आलेलं पिल्लू 42 ग्रॅमचं असेल तर 170 ते 190 ग्रॅम भरलं पाहिजे. 140 भरलं तर कंपनीच्या सुपरवायझरची वाट बघत बसू नका, फोन करा.

लस, पाणी, औषध

साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात थेंब टाकून (मानमोडीसाठी), बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस पाण्यातून, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लासोटाचा बूस्टर. नेमका दिवस डॉक्टर ठरवेल. पाण्यातून लस देताना आधी दोन दिवस ब्लीचिंग किंवा क्लोरीन बंद, नाहीतर लसच मरते. पक्ष्यांना तास-दोन तास तहानलेलं ठेवा, गार पाण्यात लिटरला 5 ग्रॅम स्किम मिल्क पावडर, आणि दोन तासांत सगळं पाणी संपलं पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात 5000 पक्षी दिवसाला दीड-दोन हजार लिटर पाणी पितात, उन्हाळ्यात त्याहून जास्त. विहिरीचं पाणी बॅचच्या आधी तपासून घ्या. अँटिबायोटिक दुकानदाराच्या सल्ल्यानं ओतायचं बंद करा, कोलिस्टीन तर 2019 पासून खाण्याच्या जनावरांना बंदच आहे, आणि जे डॉक्टरनं दिलं ते विक्रीच्या आधी किती दिवस थांबवायचं ते त्यालाच विचारा.

मधले दिवस

दहाव्या दिवसाच्या आसपास स्टार्टर खाद्य, तिसऱ्या आठवड्यानंतर फिनिशर खाद्य. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला, आणि फीडर एक तृतीयांशच भरायचा, काठोकाठ भरला की चोचीनं उडवतात, ते तुसात जातं, आणि तुसात गेलेली गोणी परत येत नाही. उंची दर तीन-चार दिवसांनी वाढवा.

तूस रोज खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा, मूठ उघडल्यावर लाडू झाला तर ओलं आहे, ड्रिंकर गळतोय का बघा, तेवढा भाग काढून कोरडं टाका. ओल्या तुसातच कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) सुरू होतो, रक्ताची हगवण दिसेपर्यंत वजन गेलेलं असतं. आणि शेडमधे नुसतं उभं राहून वास घेऊ नका, खाली बसा, पक्ष्याच्या उंचीला मिनिटभर थांबा, डोळे चुरचुरले म्हणजे अमोनिया झालाय. थंडीत लोक पडदे घट्ट लावून टाकतात त्यामुळं हेच होतं, खोकला, पोटात पाणी, आणि मग औषधाला पैसे. पडदा खालून वर चढणारा बसवा, वरची फूटभर फट कायम उघडी.

मेलेला पक्षी त्याच दिवशी खड्ड्यात, वर चुना. नाल्यात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर टाकला तर कुत्री आणि कावळे रोग परत तुमच्याच दारात आणतात. रोजची मर वहीत लिहा. दारात चुन्याचा किंवा जंतुनाशकाचा ट्रे, शेडची चप्पल वेगळी, आणि घरच्या गावठी कोंबड्या शेडच्या आसपास नकोतच.

उन्हाळा

येवला, नांदगाव, मालेगाव या पट्ट्यात एप्रिल-मे मधे पारा चाळिशी ओलांडतो आणि दोन किलोचा पक्षी दुपारी तीनच्या सुमारास पटापट मरतो, म्हणजे सगळं खाद्य खाऊन झाल्यावर. त्यामुळं सकाळी दहाच्या आत फीडर वर उचला, संध्याकाळी पाचनंतर सोडा, कमी पडलेलं खाणं रात्री लाईट लावून भरून काढा. पाणी मात्र चालूच, टाकी सावलीत, पाइप गोणपाटानं झाकलेले. छपराला चुना, वर तुषार, आत पंखे. दुपारी शेडमधून हळू चाला म्हणजे बसलेले पक्षी उठतात आणि पोटाखालची उष्णता निघून जाते. या दिवसांत पिल्लंच कमी टाका, आणि 1.8 किलोला उचलायला कंपनी तयार असेल तर नाही म्हणू नका.

गाडी

स्वतःचे पक्षी असतील तर कॅलेंडर बघून टाका. गटारीला आणि धुळवडीला मागणी चढते, श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बसते. गटारीच्या 40 दिवस आधी मात्र सगळेच टाकतात, त्यामुळं गटारीला धरलेला भाव मिळेलच असं नाही, आणि गाडी चार दिवस लांबली की श्रावण लागतो आणि पक्षी खात बसतो.

गाड्या बहुतेक रात्रीच भरतात, पहाटे कसारा घाटातून मुंबईकडं उतरतात. पाच-सहा तास आधी खाद्य बंद, पाणी चालू. उजेड कमी करून दोन्ही पायांनी धरा, एका पायानं लोंबकळवला की मांडीला रक्त साकळतं आणि मालाचे पैसे कापले जातात. काटा आधी शून्यावर आहे का बघा, रिकाम्या क्रेटचं वजन दर थोड्या वेळानं परत घ्या कारण ते ओलं होऊन वाढत जातं, आणि प्रत्येक मापाची नोंद आपल्या वहीत आपल्या हातानं.

शेड रिकामं झालं की खत काढा. दिंडोरी-निफाडचे द्राक्षवाले, कांदेवाले ते घेतात, ताजं तसंच झाडाला घालू नका म्हणून सांगा, कुजवूनच वापरायचं. रिकाम्या गोण्या करारात कुणाच्या आहेत ते बघून विका. मग जाळी ब्लो लॅम्पनं भाजा, ड्रिंकर-पाइपलाइन धुवा, चुना मारा, आणि शेड निदान दहा-पंधरा दिवस रिकामं ठेवा. हे दिवस धुणं संपल्यापासून मोजायचे, गाडी गेल्यापासून नाही.